उन्हात गाय चारा का टाकते?

एप्रिल तापला की लोणार-मेहकर पट्ट्यातल्या गोठ्यांत एकच तक्रार ऐकू येते. गव्हाणीतलं कुटार तसंच पडून आहे, ढेपेला तोंड लावलेलं नाही, गाय धापा टाकत उभी आहे आणि संध्याकाळच्या धारेला दूध कमी. ‘ऊन लागलं’ हे उत्तर सगळ्यांना पाठ असतं, आणि ते चूकही नाही. पण ऊन लागतं कातडीला आणि भूक लागते पोटाला. कातडीला लागलेल्या उन्हानं पोटातली भूक कशी मरते?

या प्रश्नाच्या मागे लागलं की पुढे बरंच काही उलगडतं. शरीरानं किती ऊर्जा खर्चायची आणि किती साठवायची हे फक्त पोटातल्या शिलकीवर ठरत नाही. कातडी, नाक, जीभ, आतडी यांच्याकडून जी बातमी येते तिच्यावरही ते ठरतं. कित्येकदा शिलक हलायच्या आधीच बातमीवरून निर्णय होऊन गेलेला असतो.

हे समजून घ्यायला लोणार ही उत्तम जागा आहे. उल्का आदळून काळ्या बसाल्टमध्ये पडलेलं हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे आणि काठापासून जवळजवळ १३७ मीटर खोल. २००० साली ते अभयारण्य झालं, २०२० मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं, आणि त्याच वर्षी जूनमध्ये विवरातल्या तळ्याचं पाणी गुलाबी झालं तेव्हा साऱ्या देशानं त्याचे फोटो पाहिले. आपल्याला इथे पाण्याशी कर्तव्य नाही. काठावरच्या गोठ्यातली गाय, उतारावर चरणारी शेळी, खडकावर पडलेली घोरपड आणि झुडपातला बुलबुल एवढी मंडळी आपल्याला पुरे आहेत.

१. खाल्लेलं जातं कुठे?

जनावर जे खातं त्यातून मिळालेल्या ऊर्जेला चार वाटा असतात. काही ऊर्जा हृदय, फुप्फुसं, मेंदू चालू ठेवण्यात जाते, काही हालचालीत, काही वाढ, दूध किंवा गर्भ यांत. उरलेली चरबी होऊन साठते. या साऱ्या देवघेवीला चयापचय म्हणतात. देवघेव कुठलीही असो, तिच्यात थोडी उष्णता सुटतेच. गायीच्या पोटात तर फारच, कारण तिच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, कोठीपोटात, सूक्ष्मजीव चारा आंबवतात आणि आंबवण होताना गरमी निर्माण होते. कडबा-कुटारासारखा जाडाभरडा चारा असेल तर ही गरमी जास्त.

एक माप लक्षात ठेवू. एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला लागते ती उष्णता म्हणजे एक किलोकॅलरी. आहाराच्या तक्त्यात जिला नुसतं ‘कॅलरी’ म्हणतात ती हीच.

२. खबर कोण आणतं?

जुन्या गावगाड्यात कोतवाल वेशीवरची खबर चावडीवर पोचवायचा. निर्णय चावडीवर व्हायचा आणि हुकूम घेऊन दुसराच माणूस निघायचा. शरीरातही दोन वेगळे मार्ग आहेत. संवेदी चेतातंतू बातमी आत नेतात. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग तिचा विचार करतो. त्याचे हुकूम दुसऱ्या तंतूंवरून बाहेर जातात. त्यांतल्या अनुकंपी तंतूंचा संबंध आपल्याला पुढे वारंवार येणार आहे. रक्तवाहिन्या आकसायच्या की फुलवायच्या, घाम सोडायचा का, चरबी जाळायची का, हे त्यांच्यावरून कळवलं जातं.

संवेदी तंतूला गरम-गार कळतं कसं? त्याच्या टोकाच्या पडद्यात प्रथिनांच्या बारीक वाहिन्या असतात. ठरावीक तापमानाला त्या उघडतात, विद्युतभारित कण आत शिरतात आणि तंतूतून संदेश धावतो. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटानं १९९७ मध्ये अशी एक वाहिनी शोधली, तिचं नाव टीआरपीव्ही-१. ती सुमारे ४३ अंशांना, म्हणजे उष्णता पोळायला लागते तिथे, उघडते. थंडीची वाहिनी टीआरपीएम-८, तापमान साधारण २६ अंशांच्या खाली उतरलं की जागी होणारी. ती २००२ मध्ये ज्युलियस आणि आर्डेम पटापूटियन या दोघांच्या प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे दाखवली. कोमट उबेसाठी आणखी वेगळ्या वाहिन्या आहेत. स्पर्श आणि तापमान यांवरच्या कामाबद्दल या दोघांना २०२१ चं नोबेल मिळालं.

३. गायीचा निर्णय

आता गोठ्यात परत जाऊ. गायीच्या शरीराचं तापमान साधारण ३८.५ अंश. बाहेरची हवा त्याहून गरम झाली की हवेत उष्णता सोडायची सोय संपते. उरतो तो घाम आणि धाप, म्हणजे पाणी उडवून थंड होणं. अशा वेळी आणखी चारा खाणं म्हणजे पोटात आणखी गरमी निर्माण करणं. म्हणून कातडीतून, पोटातून आणि खुद्द मेंदूतल्या उष्णता जोखणाऱ्या पेशींकडून खबर आली की हायपोथॅलॅमस भूक खाली ओढतो. गाय रुसलेली नसते, आजारीही नसते. ती आतली गरमी कमी करत असते.

यात कातडीच्या बातमीला किती वजन आहे हे दाखवणारे दोन जुने प्रयोग मला फार बोलके वाटतात. जॉन ब्लाय यांनी १९५७ मध्ये वासरांना गरम जागेत ठेवून पाहिलं. रक्ताचं तापमान वाढण्याच्या आधीच वासरं धापा टाकू लागली. दुसरा प्रयोग वेट्स यांचा, १९६२ चा, मेंढ्यावरचा. त्यांनी मेंढ्याच्या फक्त वृषणाची पिशवी उबवली, बाकी अंग तसंच ठेवलं. मेंढा धापू लागला आणि धापून धापून त्याच्या शरीराचं तापमान चक्क खाली गेलं! अंगात जादा उष्णता नव्हतीच, फक्त एका संवेदनशील जागेवरून ‘तापलं’ अशी खबर गेली होती. तेवढ्यावर सगळं शरीर कामाला लागलं.

पशुपालकाच्या मनात इथे साहजिक येतं, की गाय कमी खाते म्हणून दूध कमी, संपलं. पण ते तसं नाही. अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या संशोधकांनी गायींचे दोन गट केले. एक गट गरम जागी ठेवला. दुसरा थंड जागी, पण त्याला चारा मोजून तेवढाच दिला जेवढा गरम जागेतल्या गायी खात होत्या. दोन्ही गट सारखेच अर्धपोटी. तरी थंड जागेतल्या गायींचं दूध थोडंच घटलं, गरम जागेतल्यांचं खूप. २००९ मध्ये छापलेल्या त्या निष्कर्षानुसार घटीतला सुमारे एक तृतीयांशच भाग कमी खाण्यानं समजावून देता येतो. म्हणजे एखाद्या संकरित गायीचं दूध उन्हाळ्यात सहा लिटरनं उतरलं असेल, तर त्यातले दोनेक लिटर चाऱ्याच्या खाती. उरलेले चार चयापचय बदलल्यामुळे.

हा बदल काय? भुकेलेल्या जनावरात एरवी इन्सुलिन उतरतं, साठलेली चरबी मोकळी होते आणि शरीर तिच्यावर चालतं. साखर दुधासाठी शिल्लक राहते. उन्हानं तापलेल्या गायीत मात्र इन्सुलिन उतरत नाही, उलट चढंच राहतं. चरबी कुलूपबंद राहते आणि साखर अंगासाठी खर्ची पडते. दुधातली साखर ज्या ग्लुकोजपासून बनते त्याचीच टंचाई होते, मग दूध आटतं. ढेप वाढवून हे भरून निघत नाही, ते यामुळे.

वेळ बदलून मात्र फरक पडतो. आंबवणाची गरमी चारा खाल्ल्यावर काही तासांनी कळसाला जाते. सकाळी अकराला टाकलेला कडबा दुपारी दोन-तीनला पोटात तापतो, नेमकं ऊन डोक्यावर असताना. तोच पहाटे पाचला आणि दिवस मावळल्यावर विभागून टाकला तर पोटातली गरमी आणि आभाळातली गरमी एकत्र येत नाहीत. गावरान गायीला मुळातच हे कमी बाधतं. तिची कातडी सैल, घाम सोडण्याची ताकद मोठी आणि दूध कमी असल्यानं आतली भट्टीही मंद.

४. थंडीतलं करडू

आता उलट टोकाला. पौषातल्या पहाटे शेळी व्याली आहे. करडू ओलं आहे, दोनेक किलोचं, आणि आईच्या पोटातल्या ३९ अंशांतून एकदम गार हवेत आलं आहे. कातडीतल्या थंडीच्या तंतूंवरून बातमी मणक्यात जाते, तिथून मेंदूच्या देठात, तिथून हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागात. हुकूम निघतो तो अनुकंपी तंतूंवरून, आणि पोचतो एका खास चरबीपाशी. तिला तपकिरी चरबी म्हणतात. करडू, कोकरू, वासरू जन्मतात तेव्हा ती मूत्रपिंडांभोवती आणि इतरत्र साठलेली असते. साधी पांढरी चरबी साठवणीसाठी. तपकिरी चरबी फक्त जळून ऊब देण्यासाठी. तिच्या पेशींत एक प्रथिन असतं, ते इंधनातली ऊर्जा कुठल्याही कामाला न लावता सरळ उष्णता करून सोडतं. काही आठवड्यांत ही चरबी ओसरते; मग जनावर कुडकुडून ऊब मिळवतं.

उंदरावर ही वाट टप्प्याटप्प्यानं शोधली गेली आहे. त्यातून दिसलं की आतलं शरीर गार पडेपर्यंत मेंदू थांबत नाही. कातडी गार झाली की तेवढ्यावर तपकिरी चरबी पेटते. करडाच्या बाबतीत ही घाई जीव वाचवणारी आहे, कारण त्याच्या एवढ्याशा अंगातली ऊब जायला वेळ लागत नाही.

हिशेब करून पाहू. एक ग्रॅम पाणी अंगावरून वाळायला सुमारे ०.५८ किलोकॅलरी लागते. करडाच्या अंगावर शंभर ग्रॅम ओल असेल आणि ती सगळी त्याच्याच उबेवर वाळली तर ५८ किलोकॅलरी गेल्या. एक ग्रॅम चरबी जळून नऊ किलोकॅलरी मिळतात, म्हणजे जवळजवळ साडेसहा ग्रॅम चरबी नुसती वाळण्यात संपली. ज्याच्याजवळ मुळात चिमूटभर साठा आहे त्याला हे परवडणारं नाही. शेळी करडाला चाटते, घरधनीण गोणपाटानं खसाखसा पुसते, तेव्हा ही चरबी वाचते आणि कातडीकडून जाणारी थंडीची हाकही शांत होते.

५. घोरपडीचं वेगळं

घोरपडीजवळ अशी आतली शेगडी नाही. तिच्या शरीराचं तापमान जागेवर ठरतं, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की तिच्या चयापचयाचा वेग साधारण दुप्पट ते अडीचपट होतो. वीस अंशांना पडून असलेली घोरपड तीस अंशांना दुपटीनं इंधन जाळते, पण पळू शकते, शिकार पचवू शकते. म्हणून तिच्या बाबतीत संवेदी तंतूंची बातमी चरबी पेटवत नाही, पाय हलवते: सकाळी उन्हातल्या काळ्या दगडाकडे, दुपारी सावलीच्या बिळाकडे. काळा बसाल्ट लवकर तापतो, त्यामुळे विवराच्या उतारावर तिला हे सोपं जातं.

६. बुलबुल, मिरची आणि ठेचा

परसातल्या मिरचीच्या झाडावर लालबुड्या बुलबुल बसतो आणि पिकलेली लाल मिरची बिनघोर गिळतो. त्याच मिरचीला माकड तोंड लावेल तर हात झटकत पळेल. मिरचीतलं तिखट द्रव्य, कॅप्सायसिन, नेमकं त्या ४३ अंशांच्या टीआरपीव्ही-१ वाहिनीवर चिकटतं आणि उष्णता नसतानाही ती उघडतं. मेंदूला कळतं ‘पोळलं’. पक्ष्यांतही ही वाहिनी आहे, उष्णतेनं ती उघडतेही, पण कॅप्सायसिन तिला चिकटत नाही. त्यामुळे बुलबुलाला तिखटच लागत नाही. मिरचीच्या झाडाचा यात फायदा आहे: उंदीर-खारीसारखे प्राणी बी चावून फोडतात, पक्षी ते अख्खं विष्ठेतून दूरवर टाकतो.

आपल्याकडे ही मिरची पोर्तुगीजांच्या गलबतांतून अमेरिकेहून आली आणि वऱ्हाडात ठेच्याशिवाय भाकर घशाखाली उतरेनाशी झाली. ठेचा खाल्ल्यावर कपाळावर घाम येतो, त्याचं कारण आता तुम्ही सांगू शकाल. उष्णतेची खोटी बातमी गेली आणि शरीरानं थंड होण्याचा खराखुरा हुकूम दिला.

पण ही खबर नेणाऱ्या तंतूंचं महत्त्व जगाला पटवलं हंगेरीतल्या लोकांनी, आणि हे मला अगदी योग्य वाटतं, कारण लाल मिरचीवर तेवढं प्रेम करणारा युरोपात दुसरा देश नाही. यांचो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना कॅप्सायसिनच्या इतक्या मोठ्या मात्रा दिल्या की ते तंतू कायमचे बधिर झाले. नंतर हे उंदीर गरम खोलीत ठेवले तर त्यांना स्वतःला थंड राखताच येईना. अंग तापत गेलं. १९७० मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. खाणं तेच, स्नायू तेच, रक्त तेच. गेली होती फक्त खबर.

तिखटानं चरबी जळते का, असं अनेक जण विचारतात. जपानमध्ये १९८६ साली उंदरांवर दिसलं की कॅप्सायसिन दिल्यावर अ‍ॅड्रिनलिन वाढतं आणि ऊर्जेचा खर्चही. माणसांवरचे अभ्यास एकत्र पाहिले तर दिवसाला पन्नासेक कॅलरींच्या आसपास जादा खर्च होतो. साठ ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकर सुमारे दोनशे कॅलरी देते. म्हणजे ठेच्यानं जळली ती पाव भाकर, आणि ठेच्यापायी आपण खाल्ली ती एक भाकर जास्त. पोट कमी करायला ठेचा खाऊ नये; चवीसाठी खावा.

७. नाकातून चरबीपर्यंत

इव्हान पावलोव्ह यांना १९०४ चं नोबेल मिळालं ते पचनावरच्या कामाला. त्यांच्या कुत्र्यांनी गिळलेला घास गळ्यातल्या छिद्रातून बाहेर पडायचा, पोटात काहीच पोचायचं नाही, तरी जठररस वाहू लागायचा. व्हेगस नावाची चेता कापली की तो थांबायचा. घास तोंडात असतानाच पोटाला वर्दी गेलेली असते.

शंभराहून अधिक वर्षांनी, २०१५ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या झॅकरी नाइट यांच्या गटानं याहून चकित करणारी गोष्ट दाखवली. उंदराच्या हायपोथॅलॅमसमध्ये भूक लावणाऱ्या काही पेशी आहेत. उपाशी उंदरासमोर अन्न ठेवलं की पहिला घास घेण्याआधीच, काही सेकंदांत, त्या पेशी शांत होतात. अन्न उचलून नेलं की पुन्हा खवळतात. आपल्याला वाटतं पोट भरलं की भूक शमते; या पेशी तर नजरेच्या आणि वासाच्या भरवशावर आधीच हिशेब मांडून मोकळ्या होतात.

वासाचा परिणाम चरबीपर्यंत जातो. २०१७ मध्ये सेलीन रिएरा, अँड्र्यू डिलिन आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या नाकातल्या वास घेणाऱ्या पेशी काही काळ नष्ट केल्या आणि त्यांना भरपूर स्निग्ध खाणं दिलं. ज्यांचं नाक शाबूत होतं ते फुगून दुप्पट झाले. वास गमावलेले तेवढंच खाऊनही बेताचेच वाढले, कारण त्यांची तपकिरी चरबी जोरात जळत होती. उलट, ज्यांचं नाक मुद्दाम तीक्ष्ण केलं ते अधिक जाडावले. अन्नाचा वास येतोय म्हणजे अन्न येणार, तर साठवून ठेवा, असं काहीसं शरीर त्यावरून समजतं.

८. लगाम धरणारे तंतू

आतापर्यंत आपण बातमी आत जाताना पाहिली. पण हे तंतू फक्त मेंदूला सांगून गप्प बसत नाहीत. ज्या टोकानं त्यांनी खबर टिपली, त्याच टोकातून ते जागच्या जागी रसायनंही सोडतात. त्यांतलं एक सीजीआरपी. स्वादुपिंडात टीआरपीव्ही-१ असलेले तंतू पसरलेले असतात, आणि तिथे सुटणारं सीजीआरपी इन्सुलिनला आवर घालतं. वय वाढतं तसे हे तंतू अधिक चाळवतात, आवर जास्त बसतो आणि रक्तातली साखर आवरेनाशी होते.

डिलिन-रिएरा यांच्याच गटानं २०१४ मध्ये जन्मतः टीआरपीव्ही-१ नसलेले उंदीर पाहिले. ते सरासरी १४ टक्के जास्त जगले, आणि म्हातारपणीही त्यांचं साखर हाताळणं तरण्या उंदरांसारखं राहिलं. वेदना टिपणारी वाहिनी काढली आणि सुधारला तो चयापचय. हे वाचून त्या काळी अनेकांनी भुवया उंचावल्या.

चरबीतही असंच काही आहे. चरबीत अनुकंपी तंतू असतात हे पूर्वीपासून माहीत होतं, तिथल्या संवेदी तंतूंकडे मात्र दुर्लक्ष झालं होतं. २०२२ मध्ये स्क्रिप्स संस्थेतल्या ली ये यांच्या गटानं उंदराच्या एका बाजूच्या चरबीतले फक्त संवेदी तंतू काढले, दुसरी बाजू तशीच ठेवली. एकाच जनावरात दोन बाजू, म्हणजे खाणं, वय, रक्त सगळं सारखं. तंतू गेलेल्या बाजूची चरबी मोठी झाली, आणि तिच्यात चरबी घडवण्याची आणि ऊब निर्माण करण्याची, दोन्ही कामं वाढली. अनुकंपी तंतू टाच मारतात आणि संवेदी तंतू लगाम धरतात, असा त्याचा अर्थ लावला गेला.

टीआरपीव्ही-१ नसलेल्या उंदरांवरच्या २०१४ च्या त्या कामात आणखी एक चाचणी होती. जनुकं न बदलता, साध्या म्हाताऱ्या उंदरांना सीजीआरपी अडवणारं द्रव्य दिलं, तर त्यांचा चयापचयही तरुणांच्या जवळ आला. सीजीआरपी अडवणारी औषधं माणसांसाठीही आहेत, पण ती दिली जातात अर्धशिशीवर. त्या दुखण्यातही हेच रसायन डोक्यातल्या संवेदी तंतूंमधून सुटत असतं.